आधी सगळंच हवं असतं, मग एकच गोष्ट: संग्राहकाची आवड वर्षागणिक आटत का जाते?

प्रत्येक घरात एक डबा असतो. बिस्किटांचा पत्र्याचा, नाहीतर बुटांचा खोका. त्यात कधीकाळी जिवापाड जपलेलं काहीतरी पडलेलं असतं. काड्यापेटीचे छाप, चिप्सच्या पाकिटातले टॅझो, कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्ड, परदेशातून आलेल्या मामाने दिलेली चार नाणी. घर आवरायला काढलं की आई विचारते, "हे टाकू का?" आणि इतकी वर्षं ज्याची आठवणही नव्हती, त्या डब्यासाठी आपण एकदम भांडायला उठतो.

आज डबा बदललाय, खोड तीच आहे. कुणी हॉट व्हील्सच्या गाड्या जमवतं, कुणी के-पॉपची फोटोकार्ड, कुणी फाउंटन पेन, कुणी स्नीकर्स. इन्स्टाग्रामवर दर दुसऱ्या रीलमध्ये कुणीतरी आपलं कपाट उघडून दाखवत असतं. पण हे वेड दहा-वीस वर्षं टिकलेल्या माणसांकडे पाहिलं तर एक गंमत दिसते. सुरुवातीला "जे मिळेल ते" गोळा करणारा माणूस हळूहळू "फक्त हे" वर येतो. मग "यातलंही फक्त एवढंच". दूध आटत आटत खवा व्हावा, तशी आवड घट्ट होत जाते.

हे का होतं? प्रत्येकाचं होतं का? आणि शेवटी त्या सगळ्या जमवलेल्या पसाऱ्याचं काय होतं? याची उत्तरं शोधायला लांब जायची गरज नाही. पुण्यात बाजीराव रोडवर एका माणसाच्या या वेडाची तीन मजली इमारत उभी आहे. तिथे जाऊच, पण आधी बेसिक समजून घेऊ.

संग्रह आणि पसारा यात फरक काय?

ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास करणारे अमेरिकन अभ्यासक रसेल बेल्क यांनी या विषयावर बरंच लिहिलंय. त्यांच्या मांडणीचा सार असा, की वस्तू नेहमीच्या वापरातून बाहेर काढली आणि एकमेकींपेक्षा वेगळ्या असलेल्या वस्तूंच्या एखाद्या संचात बसवली, की ती संग्रहाचा भाग होते.

म्हणजे घरात सहा पेन आहेत आणि सहाही लिहायला वापरता, तर तो संग्रह नाही. पण सहाही वेगवेगळ्या निबचे आहेत, त्यातलं एक तुम्ही कधीच शाई भरून वापरत नाही आणि सातवं कुठलं घ्यायचं ते डोक्यात ठरलेलं आहे, तर मंडळी, तुम्ही संग्राहक झालात.

यात 'संच' हा शब्द महत्त्वाचा आहे. संच म्हटला की त्याला हद्द आली. काय आत, काय बाहेर, हे ठरवावं लागतं. संग्राहकाचा सगळा प्रवास म्हणजे ही हद्द पुन्हा पुन्हा आखण्याचा प्रवास असतो.

पहिला टप्पा: दिसेल ते आपलं

समजा, एका शाळकरी मुलीला आजोबांकडून एक जुनं तांब्याचं नाणं मिळालं. तिला नाद लागतो. सुरुवातीला सगळंच चालतं. भोकाचा पैसा, नेपाळचा रुपया, दुबईचा दिरहम, इंग्रजांच्या काळातला पाव आणा. रविवारी वडिलांच्या मागे लागून ती मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाते. तिथे बुधवारी आणि रविवारी नटबोल्टपासून ग्रामोफोनपर्यंत सगळं फुटपाथवर मांडलेलं असतं. घरी येताना मूठभर नाणी आणते.

या टप्प्यात आनंद आकड्याचा असतो. किती झाली? शंभर. किती देशांची? तीस. हा टप्पा उथळ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. भरपूर माल हाताखालून गेल्याशिवाय नजर तयार होत नाही. सोनाराला विचारा, भाजीवाल्या मावशींना विचारा, तेही हेच सांगतील.

मग आवड अरुंद का होते?

यामागे चार साधी कारणं आहेत.

पहिलं कारण, डोळा तयार होतो. नवख्याला सगळी तांब्याची जुनी नाणी सारखीच दिसतात. हजार नाणी हाताळलेल्याला त्यातलं शिवराई नाणं लांबून कळतं. शिवराई म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. १६७४ च्या राज्याभिषेकापासून या नाण्याची कहाणी सुरू होते आणि ती महाराजांबरोबर संपत नाही. पुढची दीडेकशे वर्षं वेगवेगळ्या टांकसाळींत शिवराया पडत राहिल्या. पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलातही पडल्या. त्यामुळे अक्षराचं वळण वेगळं, मजकुराची ठेवण वेगळी, मधल्या दोन आडव्या रेघांमुळे 'दुदांडी' म्हणून ओळखला जाणारा प्रकार वेगळा. बाहेरच्याला "एकच तर नाणं" वाटतं. आत शिरलेल्याला त्यात आयुष्य घालवता येतं, आणि तसं घालवलेली माणसं महाराष्ट्रात आहेत.

आपली ती मुलगी आता कॉलेजात असेल तर तिचा प्रवास असा झालेला असू शकतो: जगभरची नाणी, मग फक्त भारतातली, मग फक्त मराठ्यांची, मग फक्त शिवराई, मग फक्त दुदांडी शिवराई. नाण्यांची संख्या कमी होत गेली, पण प्रत्येक नाण्याबद्दल सांगण्यासारखं मात्र वाढत गेलं.

दुसरं कारण, पैसा. सुरुवातीची वस्तू स्वस्त असते. पुढची जरा महाग. मग अशी वेळ येते की एका चांगल्या वस्तूच्या किमतीत साध्या पन्नास येतील. इथे निवड करावी लागते. शिवराईच आवडायचं एक साधं कारणही हेच आहे. ती इतकी पडली की साधी शिवराई आजही नोकरदार माणसाला परवडू शकते. महाराजांचा सोन्याचा होन मात्र इतका दुर्मिळ आहे की बहुतेकांनी तो फक्त फोटोत पाहिलेला असतो.

तिसरं कारण, जागा. वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या माणसाला जुने ग्रामोफोन जमवायचे असतील तर चौथ्या ग्रामोफोननंतर घरातली माणसं बोलायला लागतात. पुण्यातल्या वाड्यांना माळे होते, कोठीच्या खोल्या होत्या. फ्लॅटला लॉफ्ट असतो आणि त्यात आधीच गणपतीचं मखर आणि दिवाळीचा आकाशकंदील असतो.

चौथं कारण, सोबत. एकटा माणूस काहीही जमवू शकतो. पण तो आपल्यासारख्या दहा जणांत बसायला लागला की त्याला विचारलं जातं, "तुमचा विषय काय?" आणि "सगळंच" हे उत्तर दिलं की समोरचा हसतो.

पोस्टाची तिकिटं आणि ८० पानांचं गणित

हे चौथं कारण तिकिटांच्या छंदात अगदी नियमात बसवलेलं दिसतं. तिकिटांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा-प्रदर्शनं भरतात. तिथे संग्रह फ्रेममध्ये लावायचा असतो आणि एका फ्रेममध्ये साधारण १६ पानं मावतात. नव्या स्पर्धकाला बहुतेकदा ५ फ्रेम मिळतात. म्हणजे ८० पानं.

आता ८० पानांत 'भारताची तिकिटं' हा विषय मावेल का? १८५२ च्या सिंध डाकपासून आजपर्यंत? शक्यच नाही. मग माणूस विषय छाटतो. भारत सोडून एक संस्थान. संस्थान सोडून एक मालिका. मालिका सोडून त्यातलं एकच तिकीट, त्याचे छपाईचे प्रकार, त्यातल्या चुका, ते लावून गेलेली पाकिटं.

गुणांची वाटणीही पाहण्यासारखी आहे. पारंपरिक फिलाटेलीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १०० पैकी ३५ गुण ज्ञान, अभ्यास आणि संशोधनाला असतात. वस्तूची स्थिती आणि दुर्मिळता मिळून ३०. विषयाची मांडणी आणि महत्त्व यांना ३०. दिसायला छान असण्याला फक्त ५.

म्हणजे नुसता पैसा ओतून दुर्मिळ तिकिटं आणली तर दुर्मिळतेचे गुण मिळतील. पण सगळ्यात मोठा वाटा "तुम्हाला यातलं काय कळलं" याचा आहे. आणि कळायचं असेल तर विषय आवाक्यातला हवा. आवड आटण्याचं गुपित बऱ्यापैकी इथेच आहे.

आता येऊया बाजीराव रोडला

दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६, मृत्यू १९९०. पुण्यात 'काका केळकर' म्हणून ओळखले गेले. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. मूळ ओढ कवितेची. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिल्या आणि मराठी कवितेच्या वाचकांना ते आधी याच नावाने माहीत होते.

१९२० च्या सुमाराला त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या वेळच्या पुण्यात इतिहासाचं वारं होतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं होतं. जुनी कागदपत्रं, बखरी, ताम्रपट यांचा शोध जोरात सुरू होता. इतिहास म्हटला की राजे, लढाया, सनदा आणि तलवारी, असं चित्र डोळ्यांसमोर यायचा तो काळ.

केळकरांच्या संग्रहात शस्त्रं आहेत. मूर्ती आहेत, चित्रं आहेत. पण आज राजा दिनकर केळकर संग्रहालयातून बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारा, काय लक्षात राहिलं? तो सांगेल: अडकित्ते. दिवे. कुलपं. दौती. पाय घासायच्या वज्री. पानदानं. वाद्यं. कोरीव दारं. म्हणजे आजीच्या घरात ज्या वस्तूंकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं, त्या.

अडकित्त्याचं काम काय? सुपारी कातरणं. त्याला दोन पाती आणि दोन दांडे पुरतात. तरीही कुठल्यातरी कारागिराने त्या दांड्यांना पोपट केलं, घोडा केलं, माणसांची जोडी केलं. वज्री तर टाच घासायला. ती कोण बघणार? तरी तिच्या मुठीवर पक्षी बसवलेला असतो. केळकरांची नजर इथे स्थिरावली. ज्या वस्तूला सुंदर असायची काहीच सक्ती नव्हती, ती सुंदर का केली गेली?

आणि इथे आपल्या विषयाला एक वळण मिळतं. वरवर पाहिलं तर केळकरांची आवड अरुंद झालेलीच नाही. उलट अडकित्ते, दिवे, वाद्यं, कपडे, दारं असं सगळं त्यात आलं. १९६० पर्यंत संग्रहात सुमारे १५,००० वस्तू होत्या. ४० वर्षांत १५,००० म्हणजे वर्षाला पावणेचारशे. रोज एकाहून जास्त वस्तू! याला अरुंद कसं म्हणायचं?

पण नीट पाहिलं तर इथे वस्तूंचा प्रकार सैल आहे आणि निवडीची कसोटी घट्ट. रोजच्या जगण्यातली वस्तू हवी आणि तिच्यावर कारागिराचा हात दिसायला हवा. या चाळणीतून अडकित्ता जातो आणि दरवाजाही जातो. नुसती जुनी, नुसती महाग किंवा नुसती कुण्या सरदाराची असून भागत नाही.

थोडक्यात, आवड दोन तऱ्हांनी आटते. एकात माणूस वस्तू ठरवतो: फक्त शिवराई. दुसऱ्यात तो प्रश्न ठरवतो: साध्या माणसांच्या घरात कला कुठे कुठे होती? केळकर दुसऱ्या वाटेने गेले. या मोठ्या प्रश्नाच्या पोटात त्यांनी पहिल्या पद्धतीचं कामही केलं. नुसत्या भारतीय दिव्यांवर त्यांनी 'लॅम्प्स ऑफ इंडिया' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, जे केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये छापलं.

वेळही महत्त्वाची होती

केळकर ज्या चाळीस वर्षांत फिरत होते, त्याच काळात या वस्तू घरातून बाहेर जात होत्या. वीज आली, समया आणि लामणदिवे देवघरापुरते उरले, मग माळ्यावर गेले. पुढे स्टेनलेस स्टील आलं, पितळ आणि तांबं मोडीत निघालं. 'मोड' हा शब्द आपण सहज वापरतो. पण मोडीत गेलेली वस्तू किलोवर मोजली जाते. तिच्यावरचा पोपट, घोडा, वेलबुट्टी यांची किंमत त्या काट्यावर शून्य. शेवटी ती भट्टीत जाते आणि परत मिळत नाही. त्यात पुण्यावर १२ जुलै १९६१ ला पानशेतचा पूर आला आणि नदीकाठच्या पेठांतले कित्येक संसार एका दिवसात वाहून गेले.

भट्टीच्या आधी कुणीतरी तिथे पोचणं गरजेचं होतं. अशा वेळी संग्राहकाची नजर कुठे वळते यावर पुढच्या पिढ्यांना काय बघायला मिळणार, हे ठरतं. केळकर फक्त तलवारींमागे लागले असते, तर चांगल्या तलवारी इतर ठिकाणीही आहेतच. वज्री कुठे बघितली असती?

आणि 'राजा' कोण?

संग्रहालयाचं नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटतं, केळकर कुठल्यातरी संस्थानाचे राजे असावेत. तसं नाही. राजा हा दिनकर आणि कमलाबाई केळकर यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला.

एखाद्याच्या दुःखाचा आणि छंदाचा हिशोब बाहेरून मांडू नये. पण एवढं नक्की म्हणता येतं, की १९६२ मध्ये संग्रहालय झालं तेव्हा दारावर आई-वडिलांनी लावलेलं नाव मुलाचं होतं. आत ज्या वस्तू होत्या त्या घरातल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या, माजघरातल्या, देवघरातल्या. १९७५ मध्ये केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. आयुष्यभर जमवलेलं सगळं, जिवंतपणी.

आज तिथे २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि त्यातल्या साधारण २,५०० मांडलेल्या आहेत. म्हणजे आठातली एक. कोथरूडला बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून उभारलेलं दालनही इथेच आहे.

उलटा प्रवास करणारेही आहेत

आता कुणी म्हणेल, सगळ्यांचंच असं अरुंद होतं का? नाही. पुण्यातलीच दोन मोठी उदाहरणं उलटी आहेत.

एक म्हणजे खुद्द राजवाडे. जन्म १८६३, मृत्यू १९२६. गावोगाव पायपीट करून त्यांनी जुनी दप्तरं मिळवली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि त्यात पानिपतच्या आसपासच्या काळाची पत्रं होती. म्हणजे सुरुवात अगदी नेमक्या विषयाने. पण पुढे कागद वाचता वाचता त्यांना भाषेचा प्रश्न पडला, मग व्याकरणाचा, मग धातूंचा, मग समाजाचा आणि थेट विवाहसंस्थेच्या इतिहासाचा. मालेचे २२ खंड झाले आणि विषय मात्र फैलावतच गेला. त्यांच्यासाठी कागद जमवणं हे साधन होतं. नव्या प्रश्नाला जे लागेल ते ते गोळा करायचे.

दुसरे म्हणजे पी. के. नायर. तिरुवनंतपुरमच्या या मुलाला लहानपणी सिनेमाची तिकिटं आणि वजनाच्या मशीनमधून येणारी कार्ड जमवायचा नाद होता. तोच मुलगा पुढे पुण्यात आला आणि १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्याने उभं केलं. १९९१ ला निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे १२,००० चित्रपट मिळवले, त्यातले ८,००० च्या आसपास भारतीय. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'चे जे भाग आज बघायला मिळतात, त्यामागे त्यांचे कष्ट आहेत. त्यांच्यावर २०१२ मध्ये 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट आला.

नायर यांचं म्हणणं होतं की संग्रहालयाने चांगला सिनेमा, वाईट सिनेमा अशी निवड करत बसू नये. आज टुकार वाटणारा चित्रपट उद्या कुणाला कशासाठी लागेल, हे आज कळत नाही. आपल्याकडचे बहुतेक मूकपट नष्ट झाले, ते "याचं काय करायचं" म्हणूनच. त्यांच्या फितीतली चांदी काढून घेतली गेली. म्हणजे इथेही परत मोडच.

यातून एक फरक लक्षात येतो. एकट्या माणसाकडे आयुष्य एक, घर एक, पगार एक, म्हणून त्याला निवडावंच लागतं. संस्थेला वेळ आणि जागा जास्त असते, म्हणून तिने हात आखडता घेऊ नये. गोंधळ कधी होतो? माणूस संस्थेसारखं सगळं जमवायला जातो आणि संस्था माणसासारखी आवडीनिवडी करते, तेव्हा.

सोडताना जिवावर का येतं?

आवड बदलली की जुन्या वस्तूंचं काय करायचं, हा खरा त्रास. आता फक्त शिवराई जमवायची ठरलं, मग ते नेपाळचे, दुबईचे, जपानचे शंभर नग? द्यायला हात होत नाही.

याला शास्त्रीय आधार आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांचा कपांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि विकायला किती घ्याल असं विचारलं. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारलं, विकत घ्यायला किती द्याल? विकणाऱ्यांची किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. मग तोच. फक्त काही मिनिटं 'माझा' झाला होता.

काही मिनिटांत ही गत, तर दहा वर्षं जपलेल्या वस्तूची काय असेल? म्हणून आपलं जुनं कलेक्शन विकायला काढलं की समोरचा सांगेल ती किंमत आपल्याला अपमान वाटते. समोरचा दरवेळी लबाड असतो असं नाही. तुमच्या आठवणींचे पैसे तो देणार नाही, एवढंच.

मुरलेले संग्राहक यावर उपाय करतात तो अदलाबदलीचा. तुझ्याकडे जास्तीचं आहे ते मला, माझ्याकडचं तुला. वस्तू कदर असलेल्या घरात गेली की देताना तेवढं लागत नाही.

थांबा, कायदा पण आहे

जुन्या वस्तूंच्या वाटेने जाणाऱ्यांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

पुरातन वस्तूंचा केंद्रीय कायदा १९७२ चा आहे, अंमल १९७६ पासून. साधारण १०० वर्षं जुनी नाणी, मूर्ती, चित्रं, कलावस्तू या कायद्यात 'पुरातन वस्तू' ठरतात. ऐतिहासिक, साहित्यिक वगैरे मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे "परदेशातल्या गिऱ्हाइकाला कुरियर करतो" हा विचारही नको.

दुसरा कायदा १८७८ चा, गुप्तधनाचा. जमिनीत पुरलेलं, १० रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. इथे कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी, छंदवाला नव्हे!

मग तुमच्या डब्याचं काय?

यातून आपल्यासारख्यांनी घ्यायचं काय? चार गोष्टी.

एक, आवड बदलली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. टॅझोवरून कॅमेऱ्यांवर आणि कॅमेऱ्यांवरून एकाच कंपनीच्या लेन्सवर आलात, तर पैसे आणि वर्षं वाया गेली असं नाही. नजर तेवढ्यात तयार झाली.

दोन, "किती आहेत" याच्याऐवजी "यातून मला काय कळलं" हे स्वतःला विचारा. उत्तर देता आलं तर संग्रह आहे. "ऑफर होती म्हणून घेतलं" एवढंच उत्तर आलं तर पुढची ऑर्डर देण्याआधी दोन दिवस थांबा.

तीन, नोंद ठेवा. काय आहे, कुठे मिळालं, कुणी दिलं, कधी, किती रुपयांना. साध्या वहीत चालेल, मोबाइलच्या शीटमध्येही चालेल. आणि नाण्यांना, जुन्या पितळेला चिंच-पितांबरी लावून चकचकीत करू नका. घासलेलं नाणं जाणकार बाजूला ठेवतो, कारण वयाची खूणच पुसली जाते.

चार, हे कुणाला द्यायचं ते आधीच बोलून ठेवा. हा विषय काढायला कुणाला आवडत नाही. पण संग्राहक गेल्यावर घरच्यांसमोर एक खोली असते, तिच्यात शेकडो वस्तू असतात आणि कशाचं मोल काय हे सांगणारा एकटा माणूस नसतो. मग महिनाभरात भंगारवाला येतो. ज्या मोडीतून वस्तू वाचवली, तिथेच ती परत जाते. धुळ्याला राजवाड्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. केळकरांनी तर स्वतःच्या हाताने सोपवून टाकलं. प्रत्येकाच्या नशिबी संस्था नसते, पण वहीत एक ओळ लिहायला संस्था लागत नाही: "हे अमक्याला द्या, त्याला कळेल."

आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी केळकर संग्रहालयात जाऊन या. अडकित्त्यांसमोर थोडा वेळ उभे राहा. मग घरी जाऊन आजीला विचारा, आपल्याकडचा अडकित्ता कुठे आहे. बहुतेक ती म्हणेल, "कधीच मोडीत दिला." पण तो कसा होता, कुणी आणला होता, त्यावर काय कोरलं होतं, हे ती सांगायला लागली, तर लगेच मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा.